लिस्बन: आझुरारा वाड्यातलं संग्रहालय आईला दाखवू का?

रानवारा:
पुढच्या महिन्यात आईला घेऊन लिस्बनला जातोय. आल्फामा या तिथल्या जुन्या वस्तीतल्या या सजावटी कलांच्या संग्रहालयासाठी अर्धा दिवस काढावा का? आईनं जन्मभर भरतकाम केलंय, पण नुसत्या खुर्च्या-टेबलांना ती कंटाळेल.

पाऊलखुणा:
२८ नंबरची ट्राम दारावरूनच जाते. पोर्तास दो सोलला उतरा. आल्फामाचा चढ आईंना पायी चढायला लावू नका.

शिसवी:
जरूर न्या. माझं काम जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचं, म्हणून सविस्तर लिहिते.

वाडा सतराव्या शतकातला. रिकार्डो दो एस्पिरितो सांतो सिल्वा या बँकरनं तो १९४७ मध्ये विकत घेतला आणि १९५३ मध्ये आपल्या संग्रहासकट, हे संग्रहालय चालवणाऱ्या प्रतिष्ठानाला दिला. दालनं राहत्या घरासारखी लावलेली आहेत, त्यामुळे मेज कशासाठी, दिवा कुठे, हे सांगावं लागत नाही. भिंतींवरच्या रंगीत फरशाही बघा.

माझा पाय अडला तो पोर्तुगीज अमदानीत हिंदुस्थानात बनलेल्या फर्निचरपाशी. त्या काळी गोव्याकडे अशी खणाखणांची कपाटं होत: सागवानात आबनूस जडवलेलं, मधूनच हस्तिदंताचे ठिपके. खणांच्या तोंडांकडे नीट बघा. बाहेरून दोन दिसतात, पण पुष्कळदा आत एकच मोठा खण असतो. नक्षीची ओळ मोडू नये म्हणून केलेली ती युक्ती. आपल्याकडच्या सुतारांचा हात इतक्या लांब इतका जपलेला पाहून मला फार भरून आलं.

प्रतिष्ठानाच्या कार्यशाळाही आहेत. लाकडावरचं कोरीवकाम, सोन्याचा वर्ख लावणं, पुस्तकबांधणी, सगळं हातानं. आत जाऊ देतील का, ते आधी मेल करून विचारा. मला विचाराल तर संग्रहालयाइतकंच ते मोलाचं.

रानवारा:
खूप आभार! पण भरतकामाचं काही?

शिसवी:
अहो, तेच राहिलं! आराइओलोस या पोर्तुगीज गावचे गालिचे. ते विणत नाहीत, भरतात. जाड कापडावर लोकरीनं लांब फुलीचा टाका घालत अख्खं कापड भरून काढलेलं असतं. हात लावता येणार नाही, तेव्हा आईंचा जवळचा चष्मा विसरू नका.