घटाचे विद्युतचालक बल आणि अंतर्गत रोध

विद्युतचालक बल म्हणजे घटाच्या (बॅटरीच्या सेलच्या) दोन टोकांमधील विभवांतरच (व्होल्टेजच), असे अनेकदा म्हटले जाते. परंतु परिपथातून धारा वाहत नसतानाच हे खरे असते. मुळात ते बल नव्हेच, तर एकक प्रभार घटातून पुढे ढकलताना रासायनिक क्रियेने पुरवलेली ऊर्जा आहे, आणि म्हणूनच ते न्यूटनमध्ये न मोजता व्होल्टमध्ये मोजतात.

१.५ व्होल्टच्या घटाचा अंतर्गत रोध, म्हणजे घटाच्या आतच धारेला होणारा अडथळा, ०.५ ओहम असून त्याला २.५ ओहमचा रोध जोडला, तर ०.५ अँपिअर धारा वाहते, ०.२५ व्होल्ट घटाच्या आतच खर्ची पडतात आणि टोकांवर १.२५ व्होल्टच उरतात. जुना घट मीटरवर जवळजवळ पूर्ण व्होल्ट दाखवतो, पण बल्ब जोडताच मंदावतो, त्याचे कारणही हेच आहे: मीटर नगण्य धारा घेतो, तर बल्ब जास्त धारा घेतो आणि घट जुना झाल्याने वाढलेला अंतर्गत रोध उघडा पडतो.

संवाहकता, म्हणजे पदार्थातून धारा किती सहज वाहते याचे माप, तारेची असते असेही म्हटले जाते; त्यातही एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. ती पदार्थाची असते, तारेची नव्हे. तांब्याची तार दुप्पट लांब घेतल्यास रोध दुप्पट होतो, संवाहकता मात्र तापमान तेच असेल तर बदलत नाही.