अटॅकनंतर उतरलेलं वजन

अटॅकनंतर वजन जितकं उतरेल तितकं हृदयाला बरं, हे मत पोट सुटलेल्या पन्नाशीच्या माणसाला लागू असेल. म्हाताऱ्या माणसांना सरसकट लावू नका, कळकळीनं सांगतो. आमच्या आईच्या अटॅकनंतर आम्हीच धास्तीनं अंडी, मासे बंद केले, तांबडा-पांढरा तर घरात शिजेनाच. नुसती पेज आणि दुधीची पातळ भाजी. दोन महिन्यांत 52 किलोची आई 46 वर आली. रंकाळ्यावर चार पावलं टाकली की पाय थरथरायचे, आणि आम्ही समजायचो हृदयच थकलंय. डॉक्टरांनी दंड चाचपून सांगितलं, स्नायू झिजलेत. खाण्यातून प्रथिनं मिळाली नाहीत की शरीर स्वतःचेच स्नायू मोडतं, त्यात श्वासाचे स्नायूही आले. मग अंड्याचा पांढरा बलक, मुगाचं घट्ट वरण, घरचं दही सुरू केलं. मीठ-तेल मात्र कमीच. (किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं विचारूनच वाढवा.)

आणि फक्त वजनकाट्यावर विसंबू नका. हृदय कमजोर असेल तर अंगात पाणी साठतं, काटा तोच आकडा दाखवतो आणि आत माणूस वाळत जातो. दंडाकडे बघा, ब्लाऊजच्या बाह्या सैल झाल्यात का बघा.