मदत हवी आहे: आजारपणात बुडालेल्या वॉर्ड ड्युट्या, ८० टक्के हजेरी आणि नर्सिंग कॉलेजचे इतर नियम

परळचा_मामा

भाची बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्राला आहे. मुंबईतलंच कॉलेज, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न. राहते डोंबिवलीला. मध्यंतरी डेंग्यू झाला आणि नर्सिंग फाउंडेशन (नर्सिंगच्या मूलभूत कामांचा विषय) याच्या सहा ड्युट्या गेल्या. डॉक्टरांचं सर्टिफिकेट दिलं, तरी ऑफिस म्हणतं की ड्युट्या भरून द्याव्या लागतील. सर्टिफिकेट दिल्यावर हजेरी माफ व्हायला नको का? शिवाय नियमपुस्तिकेवर पालकांची सही हवी आहे, त्यात बऱ्याच गोष्टी कळत नाहीत: हिपॅटायटिसची लस, सेकंदकाट्याचं घड्याळ, मेंदी चालणार नाही वगैरे. घरात डिसेंबरात लग्न आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

कॅरमची_सोंगटी

७५ टक्के हजेरी असली की पुरते, सगळ्या कॉलेजांना तोच नियम. सर्टिफिकेट असेल तर त्यातही सवलत. एवढं टेन्शन घेऊ नका.

निळी_शाई

सोंगटी, बी.कॉम.चा हिशेब इथे लावू नका, मुलीचं वर्ष जाईल.

मामा, भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत दोन वेगळ्या अटी आहेत आणि बहुतेक पालक त्यांची गल्लत करतात. पहिली परीक्षेची. प्रत्येक विषयात थिअरीला ८० टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के, दोन्ही वेगवेगळं. थिअरीत ९५ असले म्हणून प्रॅक्टिकलचे ७२ झाकले जात नाहीत. दुसरी अट पदवीची: पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक प्रॅक्टिकल विभागात १०० टक्के तास पूर्ण हवेत. म्हणजे ८० टक्क्यांवर परीक्षेला बसता येतं, पण प्रॅक्टिकलचे उरलेले २० टक्के माफ होत नाहीत. ते उधारीवर राहतात.

सर्टिफिकेटने गैरहजेरी विनापरवाना ठरत नाही, एवढाच त्याचा उपयोग. तास त्यातून येत नाहीत. ऑफिस चुकीचं सांगत नाहीये.

परळचा_मामा

धन्यवाद ताई. मग सहा ड्युट्या म्हणजे नक्की किती टक्के गेले? परीक्षेला बसता येईल ना?

निळी_शाई

आकडे घेऊन बसा. २०२१ पासूनच्या सेमिस्टर पद्धतीत नर्सिंग फाउंडेशन भाग १ ला थिअरी १२० तास, लॅब ८० तास आणि क्लिनिकल म्हणजे वॉर्डचे १६० तास आहेत.

थिअरीचे १२० पैकी ९६ भरायलाच हवेत, २४ तासांची सूट. वॉर्डचे १६० तास ८ तासांच्या ड्युटीने २० दिवस होतात. चार दिवस गेले तर १२८ तास उरतात, बरोबर ८० टक्के. तिचे सहा गेले म्हणजे ४८ तास. उरले ११२, ७० टक्के. नुसतं वॉर्डचं मोजलं तर ती आत्ता अपात्र आहे.

पण कॉलेज लॅब आणि वॉर्ड मिळून प्रॅक्टिकल धरत असेल, तर एकूण २४० तास. त्यातून ४८ वजा केले की १९२, म्हणजे काठावर ८० टक्के. एकच गैरहजेरी, पण एका मोजणीत डिटेन, म्हणजे परीक्षेला बसू देत नाहीत, आणि दुसरीत पात्र. म्हणून क्लास कोऑर्डिनेटरना आधी हे विचारा: लॅब आणि क्लिनिकल एकत्र धरता की वेगळं? उत्तर लेखी घ्या. आणि तिची ड्युटी ८ तासांची धरतात की ६ ची, तेही विचारा. ६ ची असेल तर माझा सगळा हिशेब बदलेल.

ड्युट्या मात्र दोन्ही पद्धतींत भराव्या लागणारच आहेत. वाद घालण्यात आठवडे घालवू नका.

अंबाडा_आणि_जाळी

निळी शाईंना अनुमोदन. भरपाईची ड्युटी भरताना जिथे माती होते ते लिहिते.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, क्लास कोऑर्डिनेटरमार्फत. त्यात गैरहजेरीच्या सहा तारखा, प्रत्येक तारखेला कुठल्या वॉर्डात पोस्टिंग होतं ते, आणि मागे डॉक्टरांचं सर्टिफिकेट. आजारातून उठलेल्या मुलीकडून कॉलेज फिटनेस सर्टिफिकेटही मागतं, ते त्याच डॉक्टरांकडून घ्या. मंजुरीवर नवीन तारखा, वॉर्ड आणि तास लिहून घ्या. तोंडी "ये रविवारी" यावर जाऊ नये.

वॉर्ड तोच मागा. मेडिसिनच्या वॉर्डात बुडालेले दिवस सर्जिकलमध्ये भरले तर बेरीज जुळते, पण अट प्रत्येक विभागाची आहे. असे तास पुढे धरले जातीलच असं नाही, आणि ते चौथ्या वर्षी कागद तपासताना उघडं पडतं.

सही त्याच दिवशी, ड्युटी संपायच्या आत घ्यायची. वॉर्डच्या सिस्टरांची आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टरची (वॉर्डात शिकवणाऱ्या कॉलेजच्या शिक्षिकेची), दोन्ही. सिस्टरांची शिफ्ट बदलली की आठवड्याने गेलेल्या मुलीला कोण ओळखणार? लॉगबुकात (केलेल्या कामाच्या नोंदवहीत) सहीपाशी तारीख आणि तास हवेत. चूक झाली तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला आद्याक्षरं. व्हाइटनर लावलेलं पान म्हणजे एक्स्टर्नलच्या (बाहेरून येणाऱ्या परीक्षकाच्या) हाती कोलीत.

आणखी एक. पहिल्या सत्राचे फाउंडेशनचे अंतर्गत गुण दुसऱ्या सत्राच्या अंतर्गत गुणांत मिळवले जातात. "फाउंडेशनला या सत्रात विद्यापीठाचा पेपर नाही" म्हणून मुली लॉगबुक, केअर प्लॅन (पेशंटच्या देखभालीचा लेखी आराखडा) अर्धवट सोडतात आणि मग दुसऱ्या सत्रात फटका बसतो. हजेरीलाही गुण आहेत: ९५ टक्के आणि वर २ गुण, ९० ते ९४ ला दीड, ८५ ते ८९ ला १, ८० ते ८४ ला अर्धा.

कॅरमची_सोंगटी

चुकलो, माफी. पण समजा एका विषयात नापास झाली तर? एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय ठेवून पुढे जाणं, असते ना?

निळी_शाई

पुढच्या सत्राला बसू देतात, पण दारं मध्ये मध्ये बंद होतात. पाचव्या सत्राच्या परीक्षेआधी मागचं सगळं सुटलेलं हवं, सातव्याआधीही आणि शेवटच्या परीक्षेआधीही. पास व्हायला ५० टक्के, थिअरी आणि प्रॅक्टिकलला वेगवेगळे (फक्त इंग्रजी आणि ऐच्छिक मॉड्यूलला ४०). एकात उडाली तर दोन्ही पुन्हा द्यावं लागतं, हे मुलांना निकाल लागल्यावर कळतं. सगळा कोर्स जास्तीत जास्त ८ वर्षांत संपला पाहिजे.

परळचा_मामा

लिहून घेतलं सगळं. आता लस, घड्याळ आणि मेंदी?

वॉर्ड_नं_बारा

लसीबद्दल ढिलाई नको. हिपॅटायटिस बीचे तीन डोस: आज, महिन्याने, सहाव्या महिन्याला. तिसऱ्यानंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातली अँटी-एचबीएस (लसीने तयार झालेल्या प्रतिपिंडांची) पातळी तपासायची, १० mIU/mL किंवा जास्त आली की संरक्षण आहे. तपासणी सहसा राहून जाते, कारण कॉलेज कार्डावर तीन शिक्के बघून सोडून देतं. लहानपणी लस झाली असेल तर जुनं कार्ड शोधा आणि आधी पातळी तपासा. कांजिण्या झाल्या नसतील तर तेही डॉक्टरांना विचारा, त्याच्या लसीचे दोन डोस असतात.

सुई टोचली तर काय करायचं, हे नियमपुस्तिकेत एका ओळीत असतं. पाठ करायला लावा: जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची. दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. लगेच वॉर्डच्या सिस्टर आणि इन्स्ट्रक्टरना सांगायचं. एचआयव्हीप्रतिबंधक गोळ्या लागल्या तर शक्यतो दोन तासांत सुरू व्हाव्यात, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. ओरडा बसेल म्हणून मुली संध्याकाळपर्यंत गप्प राहतात, तोवर हे दोन तास निघून जातात. टोचण्याचं नेहमीचं कारण म्हणजे वापरलेल्या सुईला परत टोपण लावणं. टोपण लावायचं नाही. सुई थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. सिरिंज आणि आयव्ही सेट (सलाईनची नळी) लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या, काचेच्या बाटल्या निळ्यात.

अंबाडा_आणि_जाळी

घड्याळ सेकंदकाट्याचंच का, तर नाडी आणि ड्रिप. नाडी अनियमित असेल तर पूर्ण ६० सेकंद मोजायची, १५ सेकंद मोजून चारने गुणणं नाही. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांना १ मिलीचा: ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. कॉलेजला मनगटावरचं चालत नसेल तर छातीला लावायचं पिनचं घड्याळ घ्या. कोपराखाली काही नको, हा नियम हात नीट धुता यावेत म्हणून असतो. स्मार्टवॉच तर बिलकुल नाही.

मेंदीचं म्हणाल तर रंगाने जंतू वाढत नाहीत. माझ्या मते हा युनिफॉर्मच्या शिस्तीचा नियम आहे. पण वाद कशाला? रंग पंधरा दिवसही राहतो. लग्नानंतर पोस्टिंग कधी सुरू होतंय ते बघून ठरवा, नाहीतर इन्स्ट्रक्टरना आधी विचारा. नेलपॉलिश आणि चिकटवलेली नखं मात्र सोडूनच द्या, त्याखाली खरंच जंतू साठतात. नखं बोटाच्या टोकाबाहेर नकोत.

परळचा_मामा

फोनबद्दल पण लिहिलंय: "वॉर्डात फोन आढळल्यास जप्त". डोंबिवलीहून सकाळी सातची ड्युटी, मध्य रेल्वे कधी दगा देईल सांगता येत नाही. फोन जवळ नको म्हणजे कळवायचं कसं?

निळी_शाई

फोन लॉकरमध्ये किंवा बॅगेत, अंगावर नाही. लोकल अडकली तर प्लॅटफॉर्मवरूनच, ड्युटी सुरू व्हायच्या आधी इन्स्ट्रक्टरना मेसेज टाकायचा. नंतर सांगितलेलं कारण खरं असलं तरी सहसा गैरहजेरीत जातं. वॉर्डात फोटो किंवा रील अजिबात नाही. पेशंटचा चेहरा नसला तरी मागच्या पाटीवर खाट क्रमांक, नाव, केसपेपर येतो. ही बाब शिस्तीच्या समितीपर्यंत जाते, तिथे "मैत्रिणींसाठी काढला होता" हे ऐकत नाहीत.

वॉर्ड_नं_बारा

आणि सही करण्याआधी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र वाचा, ते विद्यार्थ्याचं आणि पालकांचं वेगवेगळं असतं. तक्रारीसाठी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. महाराष्ट्रात १९९९ चा वेगळा कायदाही आहे.

परळचा_मामा

अर्ज दिला. लॅब आणि वॉर्ड वेगळं धरतात म्हणाले, म्हणजे ७० टक्केच. भरपाई रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी देतायत, तोच मेडिसिन वॉर्ड. सहाही सलग उरकून टाकावेत का?

अंबाडा_आणि_जाळी

नको. डेंग्यूनंतर थकवा काही आठवडे राहतो, आठ तास उभं राहून चक्कर येऊ शकते. आठवड्याला एक रविवार धरा, सहा आठवड्यांत संपतं. परीक्षा तोंडावर असेल तर आधी दोनच द्या: ११२ आणि १६ मिळून १२८, पात्रतेपुरतं होतं. उरलेल्या चार मंजुरीपत्रात तारखांसकट लिहून घ्या, आणि त्या पत्राची झेरॉक्स लॉगबुकाच्या मागच्या कव्हरात डकवून ठेवा.