जोडीची घाई नको, पावसाळ्याचा विचार हवा

बॉल पायथन या पाळीव अजगराची पैदास करू पाहणाऱ्याने पहिली खरेदी म्हणून ‘स्पायडर’ या नक्षीच्या प्रकारातील स्वस्त नर-मादी जोडी घ्यावी, असे मत एका चर्चेत मांडले गेले; ते मला मान्य नाही. ही नक्षी देणाऱ्या जनुकाबरोबर डोके डुगडुगण्याचा मज्जासंस्थेचा दोष येतो आणि तो पिल्लांतही उतरतो. साध्या रंगाची, नियमित खाणारी बॉल पायथन मादी घ्यावी आणि ती सुमारे १५०० ग्रॅम वजनाची होईपर्यंत, म्हणजे साधारण तीन वर्षे, पैदाशीसाठी थांबावे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरील सापाच्या नोंदणीचे कागद विक्रेत्याकडे आधी पाहावेत.

चर्चेत न आलेली गोष्ट आपल्या कोकणातील पावसाळ्याची आहे. या सापाला एरवी ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते, परंतु रत्नागिरीत जुलैमध्ये ती ८५ च्या वर राहते. माझ्या पहिल्या नराचा बिछाना सतत दमट राहिला आणि त्याच्या पोटाखालचे खवले कुजू लागले, म्हणून नवा साप पावसाळा संपल्यावरच आणावा.