मदत हवी आहे: कुंडीतला गोल्डन थुजा एका बाजूने तपकिरी पडतोय (सोलापूर, गच्ची)

गच्चीवाली:
नमस्कार मंडळी, खूप दिवस नुसतीच वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो, बाग म्हणजे गच्ची आणि जिन्याखालचा चार बाय सहाचा तुकडा. दिवाळीनंतर हौसेनं दोन बुटके कोनिफर (सुईसारख्या किंवा खवल्यांसारख्या पानांची झाडं) आणले. एक जमिनीलगत पसरणारा जुनिपर, तो मजेत आहे. दुसरा गोल्डन थुजा, दीड फुटाचा, अंड्यासारखा गोल, नर्सरीवाला म्हणाला ह्याला काही करावं लागत नाही. फेब्रुवारीपर्यंत दृष्ट लागावी असा होता आणि मार्च संपता संपता पश्चिमेकडची बाजू तपकिरी व्हायला लागली, मला वाटलं ऊन लागतंय तहान लागली असेल म्हणून पाणी वाढवलं, आता सकाळ संध्याकाळ एकेक तांब्या घालते तरी वाळणं थांबत नाहीये. इकडे पारा 42 च्या वर गेलाय हे सांगायला नकोच.

कुंडी 14 इंची सिमेंटची, मागे पांढरी भिंत. माती गावाकडच्या रानातली काळी, त्यात शेणखत. पाणी बोरचं, कुंडीच्या काठावर पांढरा थर धरलाय. वाळलेलं सगळं छाटलं तर नवीन फूट येईल का? आणि ऑनलाइन एक ड्वार्फ स्प्रूस, म्हणजे ख्रिसमस ट्रीसारखा बुटका कोनिफर, दिसतोय, फोटोत इतका गोड आहे की विचारू नका, तो घेऊ का? सासूबाई म्हणतायत तुळस लाव गप.

कुंडीतलं_रान:
ताई, आधी छाटू नका. गुलाब जास्वंद कुठूनही फुटतात तसं ह्या झाडांचं नसतं, हिरवं संपून नुसतं लाकूड उरलं की तिथून सहसा फूट येत नाही, भोक पडलं की पडलंच. तपकिरी काडी नखानं खरवडून बघा, आत हिरवी लागली तर ठेवा, करकरीत वाळली असेल तेवढीच काढा. आतली जुनी पानं थोडीफार वाळून गळतात त्याचं काही नाही, पण टोकं एकाच बाजूनं वाळतायत म्हणजे भिंतीची झळ आहे. दुपारी त्या भिंतीला हात लावून बघा, तवा असतो तवा.

दुसरं म्हणजे लाल कोळी, पानांतला रस शोषणारी बारीक कीड. पांढरा कागद फांदीखाली धरा आणि दोन टिचक्या मारा, कागदावर ठिपके चालायला लागले तर तेच. सकाळी पाइपनं आतपर्यंत पाण्याचा जोरदार फवारा मारा, दोन तीन दिवसाआड. कोळ्यांवर मारतात ते सल्फर (गंधक) ह्या उन्हात अजिबात नको, पानं करपतात.

आणि तुमचा थुजा म्हणजे बहुतेक आपल्या मोरपंखीचाच बुटका भाऊ. शाळेत विद्येचं पान म्हणून वहीत ठेवायचो ना, तेच. मूळचा चीनकडचा, कोरडी हवा बऱ्यापैकी सोसतो. स्प्रूसचं तसं नाही. फोटोत असतो तो त्रिकोणी बुटका 1904 साली कॅनडात अल्बर्टाच्या डोंगरात सापडलेला, त्याला हिवाळ्यात कडक थंडी लागते, आपला हिवाळा म्हणजे त्याचा उन्हाळा. पैसे वाचवा.

बाराबंदी:
ओ ताई, नर्सरीतून आणला तेव्हा मुळाशी लाल मातीचा घट्ट गोळा होता का? तो फोडला होता का तसाच काळ्या मातीत बसवला?

गच्चीवाली:
तसाच बसवला की! पिशवी फाडली फक्त, मुळं तुटतील म्हणून हात लावला नाही.

बाराबंदी:
तिथंच घोळ आहे. आपल्याकडची बरीच झाडं राजमुंद्रीजवळच्या कडियमहून येतात, तिकडच्या लाल मातीचा गोळा एकदा सुकला की वीट होतो. तुम्ही पाणी घालता ते बाजूच्या काळ्या मातीत मुरतं, वरून चिखल आणि मधे मुळं कोरडी. एक विणायची सुई गोळ्यात मधोमध घाला, गेलीच नाही तर समजा. आणि हे झाड वाळल्याचं उशिरा सांगतं, आज तपकिरी दिसतंय ते महिन्याभरापूर्वीचं दुखणं असू शकतं, त्यामुळे लगेच हिरवं व्हायची वाट बघू नका.

गच्चीवाली:
कोळी नाहीत, कागद कोरा. पण सुई अर्ध्या बोटाच्या वर गेली नाही!! काल संध्याकाळी ह्यांना हाताशी घेऊन झाड अलगद उपसलं, कडेला चिखल, खालचं भोक काळ्या मातीनं बुजलेलं आणि मधला गोळा अक्षरशः खडखडीत. बादलीत गळ्यापर्यंत बुडवून ठेवला तर अर्धा तास बुडबुडे येत होते. मग गोळ्याला कडेनं काडीनं नुसत्या भेगा पाडल्या, काळी माती निम्म्यावर आणली, बाकी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाड वाळू आणि थोडं गांडूळ खत, भोकावर खापराचा तुकडा. कुंडी जिन्याच्या पूर्वेला हलवली, दुपारपुरतं हिरवं नेट. नखानं खरवडलं तर आठ दहा काड्या आत हिरव्या आहेत.

आता एकच विचारायचंय, जुनिपरचा गोळा पण तसाच आहे, तो दिसायला छान आहे तरी आत्ता उपसू का मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबू?

बाराबंदी:
हिरवा आहे ना, मग थांबा. सुईनं आठ दहा भोकं पाडा आणि आठवड्यातून एकदा कुंडीसकट टबात बसवा. आणि सासूबाईंची तुळस पण लावा, ती कुंडी रिकामीच असेल की आता स्प्रूसची.