विषय: स्मरणिका: हायस्कूल संपवणारी आपली अकरा मुलं आणि त्यांचे अकरा सारखे परिच्छेद

प्रेषक: स्मरणिकेची ताई (सध्या मुक्काम विश्रामबाग, सांगली)
बुधवार, 28 मे

मंडळी, नमस्कार.

यंदा अमेरिकेतल्या आपल्या मंडळातली अकरा मुलं हायस्कूल संपवताहेत. त्यांच्या ओळखीचे मजकूर तुम्ही सगळ्यांनी वेळेत पाठवलेत. असं आजवर कधी घडलेलं नाही, म्हणून आधी आभार मानते.

आता तक्रार. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी इथं महिनाभर आहे. काल वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेली. करायला काही नव्हतं, म्हणून व्हरांड्यात बसून आईला फोनवरून हे मजकूर वाचून दाखवत होते. चौथ्या मुलाला ती म्हणाली, "अगं, हा मघाशी झाला की."

झाला नव्हता. तो वेगळाच मुलगा होता.

मग मी मोजायलाच बसले. नॅशनल ऑनर सोसायटीत (हुशार मुलांची संस्था) नऊ जण, की क्लबमध्ये सात, रोबोटिक्समध्ये पाच, मॉडेल यूएनमध्ये (संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटूची सभा) चार. 'नेतृत्वगुण' हा शब्द अकरांपैकी आठ जणांच्या वाट्याला आलाय. आईनं विचारलं, "आठ जण पुढं चालणार, मग मागं कोण?" 'मितभाषी पण ठाम' असे तिघं आहेत. दोघांचा मजकूर तर वाक्यासकट सारखा आहे. कुणाचा ते सांगत नाही, पण दोन्ही घरांनी एकमेकांना फोन करावा.

तर विनंती अशी: क्लबची नावं एका ओळीत उरका. उरलेल्या साठ-सत्तर शब्दांत मूल कसं आहे ते सांगा. पाच जूनला सगळं छपाईला जाणार.

– ताई

---

प्रेषक: डेकावाल्याचा बाबा
बुधवार, 28 मे

ताई, राग मानू नका, पण सांगलीत व्हरांड्यात बसून हे म्हणणं सोपं आहे.

ही यादी मुलांनी हौसेनं केलेली नाही. कॉलेजच्या अर्जासाठी कॉमन ॲप, म्हणजे पुष्कळ कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन फॉर्म, भरायचं, त्यात उपक्रमांना दहा जागा आणि प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरं. शब्द नव्हेत, अक्षरं, मधल्या रिकाम्या जागा धरून. चार वर्षांचे शनिवार-रविवार त्यात कोंबायचे. आमच्या घरी ऑक्टोबरभर 'आणि' काढून स्वल्पविराम टाकायचं काम चाललं होतं. सहा महिने तीच भाषा कानावर पडल्यावर स्मरणिकेसाठी दुसरी कुठून येणार? मजकूर मी लिहिला, हे कबूल. त्याच्या अर्जावरून उतरवला, हेही कबूल.

आणि त्या नावांमागं मेहनत असते हो. डेकाचंच घ्या, हायस्कूलच्या मुलांना धंदा-व्यवहार शिकवणारा क्लब तो. आपल्याकडच्या पुष्कळांना तो निळा कोट घालून मिरवायचा क्लब वाटतो. त्यातल्या एका स्पर्धेत मुलाच्या हातात धंद्यातला एक पेच ठेवतात. विचाराला दहा मिनिटं मिळतात, मग परीक्षकासमोर दहा मिनिटं उभं राहून तो पेच सोडवायचा. परीक्षक कधी गिऱ्हाईक होतो, कधी मालक. सतराव्या वर्षी मला हे जमलं नसतं. सतराव्या वर्षी मी माधवनगर रोडवर सायकल पंक्चर झाली म्हणून रडलो होतो.

आमचा मुलगा यंदा त्यात मागं पडला. परीक्षक गिऱ्हाईक झाले होते, यानं त्यांना महागडी योजना विकायची होती. पठ्ठ्यानं त्यांचे दोन-चार प्रश्न ऐकले आणि सांगून टाकलं, "तुमच्या गरजेला स्वस्तातली पुरेल, ही घेऊ नका." घरी येऊन म्हणतो, "बाबा, त्यांना खरंच ती नको होती."

हे स्मरणिकेत छापू नका.

– बाबा

---

प्रेषक: ताई
गुरुवार, 29 मे

छापते. तुमचा आधीचा मजकूर काढून टाकलाय. निळा कोट एका ओळीत ठेवलाय.

---

प्रेषक: अण्णा, गावभाग, सांगली
गुरुवार, 29 मे

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

मुलाकडे अमेरिकेत अकरा वर्षं काढून मी परत गावी आलो, तरी मंडळाची ही ईमेल यादी अजून मला पत्रं पाठवते. तुझं पत्र सकाळच्या फिरण्यातल्या मंडळींना वाचून दाखवलं. आमच्या पिढीत सांगलीत 'क्लब' म्हटलं की पत्ते. त्यामुळे सात मुलं 'की क्लब'मध्ये जातात, यावर एक गृहस्थ बराच वेळ गंभीर होते. मग मी सांगितलं की तो किवानिस संस्थेचा हायस्कूलच्या पोरांसाठीचा सेवा क्लब आहे, 1925 साली कॅलिफोर्नियात निघाला. तेव्हा कुठं चेहरा मोकळा झाला.

पण ताई, तू म्हणतेस ते मला अर्धंच पटतं. आमच्या गल्लीत दहावीची परीक्षा दिलेला एक मुलगा आहे. "काय करतोस रे?" विचारलं तर क्लासचं नाव सांगतो. "आणखी?" तर दुसऱ्या क्लासचं. चित्रकला का सोडलीस म्हटलं, तर म्हणतो, "इंटरमिजिएटला ए ग्रेड आली, दहावीला त्याचे सात मार्क मिळाले, आता कशाला?" त्याच्यापुढं तुमच्या पोरांच्या दहा जागा मला श्रीमंती वाटतात. सारख्या का असेनात.

हेही खरं की याच मातीत संकेत सरगर तयार झाला. वडिलांची पानपट्टी आणि चहाची गाडी, पोरगा गाडीवर हात लावून व्यायामशाळेत वजनं उचलणारा. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात रौप्य घेऊन आला. त्याच्या ओळखीत कुणी 'उपक्रम: वजन उचलणे, कौटुंबिक व्यवसायात साहाय्य' असं लिहिलं असतं तर कसं दिसलं असतं? गाडी गेली, चहा गेला, पोरगा पण गेला.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर काही लिहायचं असतं तर 'प्रॉम्प्टर' लिहावं लागलं असतं. सलग तीन गॅदरिंगना मी विंगेत बॅटरी घेऊन उभा होतो. नाटकाचं गाव, त्यामुळे काम करायला सगळे तयार, वही धरायला कुणी नाही. विष्णुदास भाव्यांना 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' करताना ही अडचण नव्हती. सूत्रधार पदं म्हणायचा, पात्रं भाषणं आयत्या वेळी रचायची. लिहिलेलंच नाही तर विसरणार काय? आमचं तसं नव्हतं. एकदा नायकानं दोन पानं गाळली. मी विंगेतून दबक्या आवाजात म्हटलं, "पान चुकलं, मागं ये." त्यानं नायिकेकडे वळून छाती काढून खणखणीत म्हटलं, "पान चुकलं, मागं ये!" नायिका म्हणजे पेठेतला किराणावाल्याचा पोरगा. तो खरंच दोन पावलं मागं आला. टाळ्या पडल्या. लोकांना ते नाटकातलंच वाटलं.

मुख्याध्यापकांना मात्र कळलं होतं.

– अण्णा

---

प्रेषक: सातारकर
शुक्रवार, 30 मे

अण्णांनी सांगलीचा झेंडा लावला, मग आम्ही गप्प का बसावं? पण झेंडा लावायला गेलो आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला, त्याची गोष्ट.

चिरंजीवांच्या मजकुरात मी 'तिरंदाजी: उच्च स्तर' असं लिहिलं होतं. तो कागद कौतुकानं साताऱ्याला भावाला पाठवला. भावानं एकच ओळ उलट पाठवली: "आदिती स्वामी इथलीच बरं का." 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली ती, वय 17. आमचे चिरंजीवही 17. दर मंगळवारी शाळेच्या मागच्या मैदानात दीड तास जातात, पाऊस नसेल तर.

'उच्च स्तर' काढा. खरं सांगायचं तर त्याचा नेम यथातथाच. पण क्लबातल्या कुणाचाही बाण गवतात गेला की शोधायला हाच जातो. सगळे गाड्यांत बसून हॉर्न वाजवत असतात आणि हा अंधारात फोनचा दिवा लावून गवत चाचपत असतो. मी कितीदा ओरडलोय. हे ओळखीत बसत असेल तर घ्या.

कंदी पेढ्यांचं काय ते कळवा. ताई सांगलीहून भडंग आणणार असेल तर पेढे मी मागवतो, नाहीतर उगीच दोन्हीकडून तिखट यायचं.

---

प्रेषक: रोबोटिक्सवालीची आई
शुक्रवार, 30 मे

लिहायला वेळ नाही, ऑफिसात आहे. आमची रोबोटला हातही लावत नाही. स्पर्धेत तीन-तीन यंत्रांच्या दोन बाजू असतात आणि या सामन्यातला शत्रू पुढच्या सामन्यात आपल्याच बाजूला येतो. म्हणून दुसऱ्यांची यंत्रं काय करू शकतात, याची कुणीतरी नोंद ठेवावी लागते. ती दिवसभर स्टँडमध्ये बसून तेच करते. सगळ्या टीमची यंत्रं तिला नातेवाइकांसारखी पाठ आहेत, नातेवाईक मात्र पाठ नाहीत. एवढं पुरे का?

---

प्रेषक: ताईची मुलगी
शुक्रवार, 30 मे

सगळ्या काका-काकूंना नमस्कार. मी बाबांच्या अकाउंटवरून ही लिस्ट वाचते. माझं मराठी आजीने फोनवर दुरुस्त केलं आहे. जिथे चूक दिसेल तिथे आजीचा फोन कट झाला होता.

आईने सगळ्यांना परत लिहायला सांगितलं, पण माझ्यावर तिने काय लिहिलं ते मी बघितलं. ऑनर सोसायटी, की क्लब, टेनिस, 'मितभाषी पण ठाम'. आई, टेनिस मी नववीत सोडलं.

मी चार वर्षं स्टेज क्रूमध्ये आहे. ते त्यात नाही. नववीत फक्त रंग लावायचे. दहावीत स्पॉटलाइट. यावर्षी मी स्टेज मॅनेजर होते. स्टेज मॅनेजर काळे कपडे घालते आणि कानात हेडसेट असतो. लाइट कधी बदलणार, पडदा कधी पडणार, सगळे क्यू ती बोलते. मी "लाइट 41, गो" म्हणेपर्यंत कोणी बटणाला हात लावत नाही. शो सुरू व्हायच्या आधी मी आत ओरडते, "फाइव्ह!" म्हणजे पाच मिनिटं राहिली. तेव्हा सगळ्यांनी "थँक यू, फाइव्ह" म्हणायचं असतं. ते मॅनर्ससाठी नाही, ऐकू आलं हे मला कळावं म्हणून. जो म्हणत नाही त्याला मी शोधायला जाते. बहुतेक वेळा तो बाथरूममध्ये असतो.

एप्रिलच्या शोमध्ये फिरणारा सेट मध्येच अडकला. दुसऱ्या अंकात. मी ब्लॅकआउट तसाच ठेवला आणि हेडसेटवर चार जणांना ढकलायला पाठवलं. बँडला सांगितलं की शेवटची ओळ परत वाजवा, परत वाजवा. अकरा सेकंद लागले. मी मोजले. कोणालाच कळलं नाही. आई दुसऱ्या रांगेत होती, तिला पण नाही. घरी येताना म्हणाली, म्युझिक किती छान होतं.

कॉलेजच्या फॉर्ममध्ये मी हे सातव्या नंबरवर टाकलं. सगळे म्हणाले ऑनर सोसायटी वर बरी दिसते.

अण्णा आजोबा, प्रॉम्प्टर आमच्याकडे शोमध्ये नसतो. फक्त रिहर्सलला असतो. विसरला तर ॲक्टरने स्वतः निस्तरायचं. पण तुम्ही बॅटरी कशी धरत होता? उजेड बाहेर दिसत नव्हता का? आमच्याकडे दिव्यावर निळा जिलेटिन लावतात.

---

प्रेषक: अण्णा, गावभाग
शनिवार, 31 मे, पहाटे

बाळ, बॅटरीवर रुमाल बांधायचो. एकदा आईचा लाल पदर कापून बांधला होता, त्याची शिक्षा वेगळी झाली.

ताई, तुझ्या विश्रामबागेतून भावे नाट्यमंदिर रिक्षानं किती लांब आहे गं? दर 5 नोव्हेंबरला जिथं भावे पदकाचा सोहळा होतो, त्या गावची तू. आणि लेकीच्या नावापुढं टेनिस?

---

प्रेषक: ताई
शनिवार, 31 मे

लांब नाही, अण्णा. माहीत आहे.

काय झालं ते सांगते. मजकूर लिहिताना 'स्टेज क्रू' मी आधी टाईप केलं होतं. मग वाटलं, लोक म्हणतील, म्हणजे नाटकात काम नाही मिळालं वाटतं. आणि खोडलं. आई आतून ऐकत होती. तिनं विचारलं, "तुला कुणी सांगितलं लोक असं म्हणतील?" कुणीच नव्हतं सांगितलं.

त्या अकरा सेकंदांबद्दल मला आत्ता, तुमच्या सगळ्यांबरोबर कळलं. फोन केला तर बाई झोपल्या होत्या.

आता कामाचं. तिचा मजकूर तिनं वर लिहिलाय तसाच घेते. आजीच्या फोनच्या चुकांसकट. शब्द जास्त झालेत, म्हणून अध्यक्षांचं मनोगत अर्ध्या पानावर आणलंय. अध्यक्षांनी मला फोन करू नये. डेका, बाण आणि स्टँडमध्ये बसणारी एवढे मजकूर आले. सात घरांकडून अजून यायचेत. त्यातल्या दोन घरांचं भांडण मिटलं असेल असं धरून चालते. कुणाला सुचतच नसेल तर मूल घरात कशावरून ओरडा खातं ते लिहा, पुष्कळदा तिथंच सापडतं.

मी 16 तारखेला पोचते, ग्रॅज्युएशनच्या आधी चार दिवस. भडंगाचे अकरा पुडे घेतलेत, कमी तिखट. सातारकर, पेढे मागवाच. मंडळाच्या कार्यक्रमात दिवे, माइक आणि कुणी कधी स्टेजवर यायचं हे यंदा आमच्या घरची काळ्या कपड्यातली मुलगी बघेल. तिनं हो म्हटलंय, अट एकच: भाषण लांबलं तर ती माइक बंद करणार. अध्यक्षांनी यासाठीही फोन करू नये.

छपाईला पाच दिवस राहिले.

– ताई

---

प्रेषक: अण्णा, गावभाग
शनिवार, 31 मे

थँक यू, पाच.