रूबेन पफचा तळ ओला का राहतो

रूबेन सँडविचचं (राय या धान्याच्या ब्रेडमध्ये खारवलेलं बीफ, स्विस चीज आणि आंबवलेला कोबी घातलेलं अमेरिकन सँडविच) सारण भरलेले पफ वरून छान फुलले, पण खालून पिठूळ राहिले, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते दोष ओव्हनचा नाही, साउअरक्राउटचा आहे. तो आंबवलेला कोबी नुसता निथळून भागत नाही. फडक्यात बांधून घट्ट पिळायचा आणि थोड्या वेळाने परत पिळायचा. लोण्यातल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ झाली की पफचे पदर सुटतात. सारणाचं पाणी झिरपलं तर खालचे पदर एकमेकांना चिकटून बसतात.

रशियन ड्रेसिंगही (रूबेनमध्ये घालतात तो मेयोनीजचा सॉस) आत नको, वाटीत बुडवायला द्या. किसलेलं स्विस चीज तळाला, त्यावर बारीक चिरलेलं कॉर्न्ड बीफ, कोबी सर्वांत वर. वरून मीठ घालू नका, हे मांस खारवलेलंच असतं. (नावातल्या 'कॉर्न'चा मक्याशी संबंध नाही, ते जाड्या मिठाचे खडे.)

राय ब्रेडची आठवण यायला अंड्याचा हात फिरवून कॅरावेचे (जिऱ्यासारखे दिसणारे) दाणे भुरभुरवा. त्याजागी आपलं जिरं घालू नका, चव पार बदलते. भरलेले पफ 15 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मग 200 अंश सेल्सिअसला 20 ते 25 मिनिटं भाजा, आणि एक उलटून तळ बघूनच बाहेर काढा.

बीफ न खाणाऱ्यांसाठी मी टर्की घेते. अमेरिकेतल्या डेलीत (सँडविच आणि थंड मांसाच्या दुकानांत) टर्की आणि कोलस्लॉच्या (कच्च्या कोबीच्या सॅलडच्या) सँडविचला 'रेचेल' म्हणतात, पण पफमध्ये कोलस्लॉ फार पाणी सोडतं, तिथे साउअरक्राउटच घाला.